श्री. रहिवासी यांस

इंग्लंडात आमच्या मालकीचा एक फ्लॅट आहे, असं डोंबिवलीत सांगितलं की चहाबरोबर चकलीही येते. त्यामुळे तिकडे गेल्यावर ‘लीजहोल्ड’ हा शब्द मी शक्यतो तोंडातून काढत नाही. नवी मुंबईच्या नातेवाइकांपुढे मात्र लपवून उपयोग नसतो. सिडकोच्या जमिनीवर भाडेपट्ट्यानं संसार थाटलेली ती मंडळी, त्यांना अर्ध्या वाक्यात कळतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट म्हटला की तो बहुधा लीजहोल्डच. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची. आपण विकत घेतो ती वर्षं. कुणी ९९ घेतं, कुणी १२५, आणि फारच नशीबवान असेल तर ९९९.

आमच्या करारानुसार भिंतीचं प्लास्टर आमचं, त्यामागची वीट फ्रीहोल्डरची. पायाखालच्या फळ्या आमच्या, फळ्यांखालचे वासे त्यांचे. छप्परही त्यांचंच, पण ते गळायला लागलं की दुरुस्तीत आमचा वाटा. १९९३ च्या कायद्याचा आधार घेऊन आम्ही मुदत ९० वर्षांनी वाढवून घेतली, तेव्हा जमीनभाडं कायद्याप्रमाणे मिरीच्या एका दाण्यावर आलं. ही थट्टा नाही. वर्षाला एक काळी मिरी, तीही मागितली तर, असं इथले वकील गंभीर चेहऱ्यानं करारात लिहितात आणि त्याची फी घेतात. आमच्या फ्रीहोल्डरनं मिरी कधी मागितलेली नाही. तरी मसाल्याच्या डब्यात एक दाणा बाजूला काढून ठेवावा अशी सूचना मी सौ.ला केली होती. ती चर्चेविना फेटाळण्यात आली.

हा फ्लॅट आम्ही भाड्यानं दिला. त्यामुळे राहणाऱ्याच्या लेखी मी मालक आणि फ्रीहोल्डरच्या लेखी मी भाडेकरू. खर्च निघाला की मी मालक असतो, निर्णय घ्यायचा असला की भाडेकरू. हे दुहेरी नागरिकत्व सांभाळत बरीच वर्षं सुखात गेली. मग पाण्याचं बिल आलं.

खरं म्हणजे पाण्याच्या बिलाशी माझा संबंधच नसायला हवा. १९९१ च्या वॉटर इंडस्ट्री ॲक्टनुसार पैसे द्यायचे ते जागेत राहणाऱ्यानं. एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचाय, एवढ्या मधल्या काळापुरतं ते घरमालकाकडे येतं. वेल्समध्ये घरमालकानं नव्या भाडेकरूचं नाव २१ दिवसांत कंपनीला कळवलं नाही, तर बिल दोघांच्याही गळ्यात पडतं. इंग्लंडात तसं बंधन नाही. कळवलंत तर उपकार होतील, एवढंच. त्यासाठी पाणी कंपन्यांनी मिळून एक पोर्टल काढलंय. म्हणजे सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडला की घरमालकाचा धर्म बदलतो. आम्ही पुलाच्या अलीकडचे, तरी मी कळवलं होतं. पोर्टलनं आभारही मानले होते.

पण पोर्टलला कळणं आणि कंपनीला कळणं यांत बरंच अंतर असावं. राहणाऱ्याचं नाव माहीत नसलं की कंपनी पाकिटावर नुसतं ‘दि ऑक्युपायर’ लिहिते. श्री. रहिवासी यांस. आमची भाडेकरू म्हणजे केरळहून आलेली एक नर्स. रात्रपाळी करणारी, सकाळी घरी येऊन पडदे ओढून झोपणारी. तिच्या दारातून पिझ्झावाल्यांची, खिडक्या बदलून देणाऱ्यांची आणि निवडणुकीला उभं राहिलेल्यांची पत्रकं आत पडत, त्यांतच हे रहिवासी महाशयही येत. आपलं नाव नसलेलं पाकीट फोडू नये असं तिच्यावर संस्कार होते. ती पाकिटं नीट रचून, कडेला कड जुळवून, दारामागच्या शेल्फवर ठेवी. पुढच्या कुण्या रहिवाशाला लागतील म्हणून.

पाणी तोडलं असतं तर तिला लगेच कळलं असतं. पण थकबाकीपायी घरगुती नळ तोडायला इथे १९९९ पासून कायद्यानं बंदी आहे. बंदी योग्यच आहे. फक्त त्यामुळे बिल थकलंय हे नळाकडून कळायची सोय राहिली नाही. डोंबिवलीत पाणीपट्टी आगाऊ भरूनही बादली रिकामी राहू शकते. इथे एक पेनी न भरता शॉवरला तेच प्रेशर.

यथावकाश ती नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेली. कंपनीनं मग जमीन-नोंदणी कार्यालयातून मालकाचं नाव काढलं. सात पौंड भरले की इथे कुणालाही कुणाच्याही घराचा मालक कोण ते कळतं. रहिवासी महाशयांची सगळी थकबाकी माझ्या राहत्या पत्त्यावर आली. या पाकिटावर मात्र माझं नाव होतं. वडिलांच्या नावासकट, एकही स्पेलिंग न चुकता.

बिलात वापर लिहिला होता वर्षाला ४१२ घनमीटर. आकडा अंदाजे असता तर गोष्ट वेगळी होती, पण पुढे ‘प्रत्यक्ष रीडिंग’ असं छापलेलं. घनमीटर म्हणजे हजार लिटर. आपल्या दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर वर्षाला ४१ टँकर. इंग्लंडात माणशी रोजचा वापर १४० लिटरच्या आसपास धरतात. त्या हिशेबानं एका नर्सनं आठ माणसांचं पाणी संपवलं होतं, तेही दिवसभर झोपून.

“अहो, त्या पोरीनं आत म्हैस बांधली होती का?” सौ.नं विचारलं.

इथलं पाण्याचं बिल हे वाङ्मय म्हणूनही वाचण्यासारखं असतं. आत आलेल्या पाण्याचे पैसे, हा पहिला भाग. दुसरा भाग त्याच पाण्याच्या बाहेर जाण्याचा. आत आलेल्यापैकी साधारण ९० ते ९५ टक्के पाणी गटारात परत येतं असं गृहीत धरून ते पुन्हा एकदा आकारतात. त्यामुळे न वापरलेलं पाणी तुम्ही आधी वापरत नाही आणि मग ते सोडून देत नाही, आणि पैसे दोन्हींचे देता. तिसरा भाग पावसाचा. छपरावर पडून गटारात जाणाऱ्या पावसाचाही आकार असतो. छप्पर फ्रीहोल्डरचं, पाऊस वरून आलेला, गटार कंपनीचं. या सगळ्यात माझं काय, तर बिल. पावसाचं पाणी गटारात न जाता जमिनीत मुरतं हे सिद्ध केलंत तर सूट मिळते. पण ज्या छपराचं पाणी कुठे मुरतं हे दाखवायचं, ते छप्पर दाखवायला तरी माझं कुठे होतं?

मी कंपनीला भाडेकरार पाठवला. कंपनी चक्क राजी झाली. म्हणाली, ठीक आहे, त्या काळाचं बिल बाईंच्या नावावर टाकतो, तुम्ही मोकळे. कुठल्याही शहाण्या घरमालकानं तिथे थांबावं. पण वर्षाला ४१ टँकर त्या पोरीच्या माथी मारून मोकळं होणं आमच्या घरात कुणालाच पटेना. शिवाय पूर्ण मोकळा मी होतच नव्हतो. ती गेल्यावर रंगकामासाठी जागा रिकामी होती, तो काळ कायद्यानं माझाच. आणि त्या रिकाम्या जागेतही मीटर त्याच वेगानं धावत होतं. रंगारी माणूस धुऊन धुऊन ब्रश किती धुणार?

पाण्याच्या बिलावरून भांडण्याची इंग्लंडात जुनी आणि प्रतिष्ठित परंपरा आहे, हे मला याच काळात कळलं. तिचे मूळपुरुष आर्किबाल्ड डॉब्ज. पेशानं बॅरिस्टर. लंडनचं पाणी तेव्हा खासगी कंपन्यांकडे होतं. मीटर नव्हते, घराच्या ‘वार्षिक मूल्या’वर पाणीपट्टी बसायची. ग्रँड जंक्शन वॉटरवर्क्स कंपनी हे मूल्य मोठ्या आकड्यावर धरी. डॉब्ज म्हणाले, दुरुस्तीबिरुस्तीची वजावट करून जे उरतं, ते मूल्य. बिलातला फरक काही घरदार विकण्याइतका नसणार. पण हे गृहस्थ हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १८८३ साली जिंकले. त्यांचं बघून पाणी ग्राहकांच्या संरक्षणासाठी मंडळं निघाली आणि दोन वर्षांत पार्लमेंटला कायदाच करावा लागला. पुढे विसाव्या शतकात पाणी सरकारी झालं, १९८९ मध्ये थॅचरबाईंच्या राज्यात पुन्हा खासगी झालं, पण ती मूल्याची भानगड काही मिटली नाही. आजही इंग्लंडात ज्या घराला मीटर नाही त्याचं बिल बहुधा जुन्या करपात्र मूल्यावर येतं, आणि ते मूल्य ठरवलेलं आहे १९७३ साली. त्या साली ज्याच्या घराला बाग होती तो आजही बागेचे पैसे भरतोय, मग बागेत मोटार उभी असली तरी.

होल्डवर संगीत ऐकताना मी डॉब्जसाहेबांना मनातल्या मनात नमस्कार करी. त्यांना निदान संगीत तरी ऐकावं लागलं नाही.

फोन उचलला की पहिला प्रश्न ओळखीचा. आपण तेच आहात कशावरून? नाव, पत्ता, पिनकोड झाल्यावर बाई विचारायची, “आणि आपल्या शेवटच्या बिलाची रक्कम?” जी रक्कम चूक आहे हे सांगायला फोन केलाय, तीच रक्कम स्वतःच्या तोंडानं, बरोबर उच्चारून सांगितल्याशिवाय तक्रार नोंदवता येत नाही. मी दरवेळी “आपण म्हणता ती रक्कम” असं म्हणून मग आकडा सांगत असे. आकडा बरोबर निघाला की बाई म्हणायची, “अगदी बरोबर!” आणि त्या उद्गाराची कुठेतरी नोंद होत असणार.

भाडेकरूच्या काळाचं रीडिंग विचारलं तर उत्तर ‘डेटा प्रोटेक्शन’. ती माहिती खातेदाराची, तुम्हाला देता येत नाही. खातेदार कोण? श्री. रहिवासी. मग त्यांची थकबाकी माझ्याकडे कशी आली? मालक म्हणून. मग मालकाला माहिती द्या. ती मात्र रहिवाशाची. मीटरची अदलाबदल तर झाली नाही ना, या शंकेनं वरच्या मजल्याच्या मीटरचा नंबर विचारला, तर बाईंचा आवाजच खाली आला. कुणाचा मीटर नंबर विचारणं म्हणजे जणू कुणाचं वय विचारणं. वास्तविक तो नंबर फुटपाथखाली मीटरवर ठसठशीत कोरलेला असतो आणि गावातला कुठलाही कुत्रा तो जाता येता बघू शकतो.

इमारतीच्या मॅनेजिंग एजंटाला लिहिलं. त्याचं उत्तर आलं की मीटर कंपनीचं आहे, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, मीटरपासून पुढची पाइप इमारतीची, एजंटाला विचारा. दोघंही बरोबरच होते. फुटपाथपासून आमच्या स्वयंपाकघरापर्यंतच्या दहा-बारा पावलांत तेच पाणी आधी कंपनीचं, मग फ्रीहोल्डरचं आणि मग माझं असतं, आणि गडबड नेमकी तिघांच्या सांध्यावर होती. एजंटानं उत्तरासोबत नवीन सर्व्हिस चार्जचं बिल मात्र न विसरता जोडलं. त्यात एक ओळ होती ‘पाणी, सामाईक’. आमच्या इमारतीत सामाईक पाणी म्हणजे मागच्या अंगणात कचऱ्याचे डबे धुवायचा एक नळ. तो उघडलेला मी तरी पाहिलेला नाही. डबे त्याच मताचे असावेत. पाणी घेऊन पुढे विकणाऱ्यानं स्वतःला पडलं त्याहून जास्त आकारू नये, व्यवस्थापनाचे म्हणून मीटर असेल तर दिवसाला अडीच पेन्स, नसेल तर दीड, असा इथे २००६ चा नियम आहे. लंडनच्या सदर्क महापालिकेला भाडेकरूंकडून पाण्याचे जास्त पैसे घेतले म्हणून २०१६ मध्ये हायकोर्टानं याच नियमावर धरलं होतं. तो दाखला देऊन मी एजंटाला एक स्वतंत्र पत्र लिहिलं. ते प्रकरण अजून चालू आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

पत्रं मी चांगली लिहितो, हे नमूद करायला हवं. वडील कलेक्टर कचेरीत होते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे माझ्या रक्तात आहे. संदर्भ क्रमांक, आपले अमुक तारखेचे पत्र, सोबत जोडलेली कागदपत्रे एक ते पाच. आलेल्या पत्राला दुसऱ्या दिवशी उत्तर. हळूहळू माझ्या लक्षात आलं की माझं चुकतंय ते इथेच... चुकतंय म्हणजे काय, संस्कार आडवे येतात. या सगळ्या प्रकरणात फ्रीहोल्डर नावाची कंपनी कुठल्याशा अकाउंटंटच्या पत्त्यावर राहते आणि पत्राला उत्तर देत नाही. एजंटाचा संगणक देतो, एजंट देत नाही. वरच्या मजल्यावरचे शेजारी पाकीट फोडत नाहीत. नर्स दुसऱ्या शहरात. उत्तर देणारा अख्ख्या इमारतीत मी एकटा. थकबाकीला पाणी कुणी वापरलं याच्याशी काही देणंघेणं नसतं, ती दारं ठोठावत फिरते आणि जो “कोण आहे?” विचारतो त्याच्याकडे मुक्कामाला येते. मी तर दार उघडून बसायला पाटही देत होतो.

शेवटी आम्ही दोघं रविवारी फ्लॅटवर गेलो. परीक्षा साधी असते. घरातला मेन कॉक बंद करायचा आणि बाहेर मीटर बघायचं. थांबलं तर मीटर आपलं. सौ. आत सिंकखाली, फिनाइलच्या बाटल्या बाजूला सारून. मी फुटपाथवर पालथा. लोखंडी झाकण मोठ्या स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं. खाली फोमचं जाड बूच असतं, थंडीत मीटर गोठू नये म्हणून. ते काढलं तर आत चार गोगलगायी भर दुपारी झोपलेल्या. त्यांच्याखाली दोन मीटर शेजारी शेजारी, काचांवर चिखल बसलेला. अंगठ्यानं पुसलं तेव्हा आकडे वर आले. काळे घनमीटरचे, लाल लिटरचे, आणि मधे बोटाच्या नखाएवढी एक दातेरी चकती, थेंबभर पाणी गेलं तरी फिरणारी. आमच्या बिलावरचा नंबर डावीकडच्या मीटरवर होता.

“बंद केलास का?” मी फोनवर विचारलं.

“केला.”

“घट्ट?”

“अहो, आता पिळला तर हातात येईल.”

डावीकडची चकती फिरत होती. घाई नाही, थांबणं नाही. उजवीकडची गप्प. मग मी तिला कॉक उघडून सिंकचा नळ पूर्ण सोडायला सांगितला. डावीकडची आपल्या त्याच चालीनं फिरत राहिली आणि उजवीकडची, जी आमच्या बिलाच्या मते आमची कुणीच नव्हती, ती भिंगरीसारखी फिरायला लागली. मी व्हिडिओ घेतला. त्यात सौ.चा आवाज स्पष्ट येतो, “आता बंद करू का? पाणी वाया जातंय.”

कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले. पालथ्या माणसाला इथे लोक एकदम उठवत नाहीत, आधी हवेबद्दल बोलतात. हवा झाल्यावर त्यांनी विचारलं, काही हरवलंय का? मी म्हटलं, पाणी. “हं, ते यांच्याकडे हरवतंच,” असं म्हणून ते पुढे गेले. यात अतिशयोक्ती नव्हती. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमिनीखालच्या पाइपांतून रोज सुमारे ३०० कोटी लिटर पाणी गळून जातं, पुरवलेल्या पाण्याचा जवळपास पाचवा हिस्सा. इतकं पाणी कंपन्या रोज हरवतात आणि माझे ४१ टँकर मात्र लिटरपर्यंत जपून ठेवतात, याचं मला कौतुक वाटलं.

वरच्या मजल्यावर गेलो. दार उघडलं ते स्वतः मालकानं. माझ्यासारखेच लीजहोल्डर, पण स्वतः राहणारे. नवरा-बायको, तीन मुलं. अत्यंत सज्जन माणूस. मी विषय काढला तर म्हणाला, आम्हाला बिल फारच कमी येतं. थोडा ताठ होऊन पुढे म्हणाला, “आम्ही जपून वापरतो ना.” त्याच्या मागे, अर्ध्या उघड्या दारातून, टॉयलेटच्या टाकीतून सतत पाणी झिरपल्याचा आवाज येत होता.

या आवाजालाही इतिहास आहे. इंग्लंडात संडासाच्या टाकीत सायफन असणं सक्तीचं होतं. व्हिक्टोरियन लोकांनी टाकीला नावच दिलं होतं ‘वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर’. सायफनमधून पाणी आपण साखळी ओढल्याशिवाय खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे तो गळत नाही. मग नियम बदलले आणि २००१ पासून युरोपासारख्या झडपेच्या टाक्यांना परवानगी मिळाली. पाणी वाचावं म्हणून दोन बटणं आली, एक लहान कामाला, एक मोठ्या. झडपेखाली कचरा अडकला की दोन्ही बटणांना हात न लावता पाणी भांड्यात उतरत राहतं, दिवसाला दोनशे-चारशे लिटर सहज. पाच माणसांचे सातशे, टाकीचे चारशे. सौ.नं जिन्यातच हिशेब केला. म्हैस सापडली होती.

व्हिडिओ मिळाल्यावर कंपनीनं लिहिलं, आमच्या नोंदीनुसार मीटर आपल्याच फ्लॅटचं आहे. नोंद आणि चकती यांच्यात वाद झाला तर चकतीनं माघार घ्यावी, अशी एकंदर भूमिका. मग एक तंत्रज्ञ द्यायचं कबूल झालं. सकाळी आठ ते दुपारी एक यामध्ये कधीही येईल, असं कळवलं होतं. तो एकला पाच कमी असताना आला. हाडाचा कारागीर. आल्यावर माझं म्हणणं ऐकायचंही त्यानं टाळलं. झाकण काढलं, गोगलगायी एकेक करून कडेला ठेवल्या, कॉक बंद, कॉक चालू, आणि म्हणाला, “क्रॉस्ड.” जुन्या मोठ्या घराचे फ्लॅट पाडताना पाइप कुणी कशाला जोडली याची नोंद प्लंबरच्या डोक्यात असते, आणि प्लंबर नोंदीसकट निघून जातो. असे अदलाबदल झालेले मीटर आपण नेहमी बघतो, असंही तो म्हणाला. सौ.नं त्याला चहा दिला. त्यानं गोगलगायी परत आत ठेवल्या आणि गेला.

प्रश्न सुटला, असं मला वाटलं. फोनवरच्या बाईंना तसं वाटलं नाही. तंत्रज्ञाचा अहवाल अजून सिस्टिममध्ये आलेला नाही, असं पुढचे काही आठवडे मला सांगण्यात येत होतं. माणूस माझ्यासमोर बोललाय, मी म्हणायचो. हो, पण सिस्टिमसमोर बोललेला नाही. दरम्यान थकबाकीची लाल अक्षरांतली पत्रं ही निराळ्या खात्याची असल्यामुळे ती वेळेवर येत होती.

इथे मला नियम कामाला आले. बिलाबद्दलच्या लेखी तक्रारीला दहा कामाच्या दिवसांत उत्तर देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे, नाही दिलं तर भरपाई द्यावी लागते. कंपनीनं दाद दिली नाही तर ग्राहकांसाठी कन्झ्युमर काउन्सिल फॉर वॉटर आहे, आणि तिचं काम फुकट असतं. या सगळ्यांच्या वर ऑफवॉट नावाचा नियामक आहे, पण २०२५ च्या जुलैत सर जॉन कनलिफ यांच्या आयोगानं त्यालाच बरखास्त करायची शिफारस केली आणि सरकारनं ती मानली. आपण दाद मागायला निघावं आणि कचेरीवर ‘जागा रिकामी करणे आहे’ची पाटी दिसावी, असा योग कलेक्टर कचेरीवाल्यांच्या मुलालाही दुर्मीळ. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सरासरी बिल १२३ पौंडांनी वाढून वर्षाला ६०३ झालं होतं, त्यामुळे तक्रारदारांच्या रांगेत मला सोबत भरपूर होती. मी काउन्सिलचं नाव, नियमाचा उल्लेख आणि दहा दिवसांची तारीख घालून एक पत्र लिहिलं. उपरोक्त विषयास अनुसरून.

अहवाल सिस्टिममध्ये आला.

नर्सचा खरा वापर निघाला वर्षाला ३८ घनमीटर. तिला फोन करून आकडा सांगितला तर ती म्हणाली, एवढा? मी तर आंघोळ बहुतेक हॉस्पिटलातच करायचे. तिनं आपल्या वाटणीचे पैसे त्याच संध्याकाळी भरले. रिकाम्या जागेच्या काळाचं माझं बिल ब्रश धुण्याइतकंच आलं. उत्तराला उशीर झाल्याबद्दलची भरपाईही मंजूर झाली आणि ती नियमानुसार खातेदाराला जमा करण्यात आली. म्हणजे श्री. रहिवासी यांना. ती माझ्याकडे वळवण्याबाबतचा पत्रव्यवहार सुरू आहे.

आणि गेल्या आठवड्यात वरच्या मजल्याच्या सद्गृहस्थांचा मेसेज आला. सोबत बिलाचा फोटो, मीटरची नोंद दुरुस्त झाल्यानंतरचं पहिलं. बहुधा आयुष्यात प्रथमच त्यांनी ते पाकीट फोडलं असावं. हे शक्यच नाही, आम्ही इतकं वापरत नाही, यात काहीतरी गोंधळ आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: “कंपनीच्या बाई म्हणाल्या, खालच्या मजल्याच्या मालकांना यातलं सगळं कळतं, त्यांना विचारा.”

डेटा प्रोटेक्शनच्या बाईंनी माझं नाव आणि फोन नंबर दोन्ही दिले होते. मी त्याच रात्री त्यांना उत्तर लिहिलं. आधी टाकीची झडप बदलायला सांगितली, मग बिलावरची रक्कम विचारली.